ऑटिलीबाईंचा केक आणि जावयाचं नाक

वेंडेल किसलरच्या नाकाला खाज सुटली, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

एरवी माणूस नाक खाजवतो आणि विसरून जातो. पण त्या रविवारी वेंडेलचे दोन्ही हात गुंतलेले होते. मोटारीतून उतरताच सासूबाईंनी, म्हणजे ऑटिलीबाईंनी, केकचं पत्र्याचं ताट त्याच्या हाती दिलं होतं. "दोन्ही हातांनी धर. थेट प्रार्थनाघरात ने. मध्ये कुठे टेकवलंस तर याद राख!"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण बाईंनी जावयावर असा विश्वास पहिल्यांदाच टाकला होता. आणि तोही कशाचा? तर बटाटा घालून भिजवलेल्या, बोटांनी खळगे पाडून त्यांत लोणी-साखर मुरवलेल्या केकचा! ओहायोतल्या त्या जुन्या मिशनच्या गावाची ओंडक्यांची घरं पुन्हा उभारल्यापासून मोरेव्हियन या जुन्या ख्रिस्ती पंथाची मंडळी वर्षातून एकदा तिथे प्रीतिभोजनाला जमत, आणि निम्मी येत ती या केकसाठी. (उरलेली निम्मी कॉफीसाठी. भक्तीचं देवाला माहीत.)

वेंडेल छाती काढून निघाला आणि नाक खाजलं. त्याने तोंड वाकडं केलं, ओठ वर ओढून फुंकर मारली, कशानेच भागेना. शेवटी समोरच्या उघड्या घरात शिरून त्याने ताट टेबलावर ठेवलं आणि मनसोक्त नाक खाजवलं. अहाहा! तेवढ्यात मागच्या दारातून भोपळ्यांचे वेल दिसले. भोपळा म्हणजे वेंडेलचा जीव की प्राण. नुसती एक नजर टाकून येऊ, म्हणून तो बाहेर गेला.

परत येतो तो काय, घरात निवृत्त शिक्षकांची अख्खी बस उतरलेली. सगळ्यांचे गाल फुगलेले, आणि ताटात फक्त चुरा.

"अहो, हे काय केलंत?" वेंडेल किंचाळला.

शाल पांघरलेली नदीन हसून म्हणाली, "या, बसा. खाऊन घ्या, मग नाव सांगा." नदीन स्वतः लेनापी, म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन जमातीची. इथे गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे ती नोकरी म्हणून आपल्या आज्यापणज्यांच्या काळातली बाई होऊन वावरायची, आणि एकदा त्या काळात शिरली की बाहेर यायची नाही.

"तो केक माझ्या सासूबाईंचा होता!"

"आमच्यात दारी आलेल्याला आधी खायला घालतात. टेबलावरचं अन्न पाहुण्यांचंच. सासूबाईंनाही बोलवा की!"

"बाई, त्या मोटारीने आल्यात, आत्ता माझा जीव घेतील!"

"मोटार? ती काय असते?"

वेंडेलने हात जोडले. "नदीन, दोन मिनिटं आपल्या काळात ये गं!"

नदीन त्याच्या कानाशी लागली. "जेवणाच्या सुट्टीत येते. साहेब बघतायत. पण केक झकास होता हं."

रिकामं ताट पोटाशी धरून वेंडेल प्रार्थनाघरात पोचला. त्या दिवशी जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. त्यामुळे बायकोच्या, लोरेनाच्या, कानात कुजबुजायचीही सोय नव्हती. गाणी चालू असताना त्याने लांबूनच तिला ताट उलटं करून दाखवलं. तिने तोंडावर रुमाल धरला. रडतेय बिचारी, असं वेंडेलला वाटलं. आता बाई सगळ्यांसमोर आपली सालटी काढणार! आणि त्यांचं तरी काय चुकलं? अठरा वर्षांनी एकदा माणसावर भरवसा ठेवला, आणि माणूस भोपळे बघायला गेला!

गाणी संपली. कॉफी आली, आणि तिच्यामागून केक आला. अख्खाच्या अख्खा, सोनेरी, खळग्याखळग्यांत लोणी.

वेंडेलच्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. तो धावत बायकांच्या बाजूला गेला. "आई, देवाने लाज राखली! हा आला कुठून?"

"लोरेनाच्या पिशवीतून," ऑटिलीबाई म्हणाल्या.

"मग माझ्याकडचा?"

"तो तुझे हात अडकवून ठेवायला भाजला होता, जावईबापू. नाहीतर खरा उचलायला पुढे झाला असतास ना!" बाईंनी त्याच्या हातातलं ताट घेतलं, चुरा झटकला आणि लेकीकडे वळल्या. "पुढच्या वर्षी याला रिकामंच देऊ गं. उगाच लोणी वाया जातं."