जाळलेला पास

शीळफाट्याजवळच्या ‘लॉर्डशिप रेसिडेन्सी’ या गृहसंकुलाने स्वातंत्र्यदिनानिमित्त दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदावर नाटक बसवायचे ठरवले, त्यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. परिसरातल्या संकुलांची एकांकिका स्पर्धा होती, विषय ‘जगातील मुक्तिलढे’ असा होता, आणि भारताचा लढा शेजारच्या संकुलाने आधीच नोंदवून टाकला होता.

नाटक लिहिले उत्तरा खरे यांनी. त्या डोंबिवलीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. कथा साधी होती. गोऱ्यांच्या वस्तीत धुणीभांडी करणारी एक काळी बाई. स्वतःच्याच देशात फिरताना तिला पास बाळगावा लागतो, मागेल त्याला तो दाखवावा लागतो. शेवटी ती भर चौकात पास जाळते आणि पडदा पडतो.

गोऱ्यांच्या भूमिकांसाठी चढाओढ लागली. सोळाव्या मजल्यावरच्या भावना सामंत यांना मालकिणीचे काम मिळाले आणि त्यांनी त्याच संध्याकाळी गाऊन शिवायला टाकला. काळ्या बाईच्या भूमिकेसाठी मात्र कोणी पुढे येईना. एकीची त्वचा नाजूक होती. दुसरीच्या मुलीचे लग्न ठरत होते आणि फोटो बाहेर गेले असते. अखेर सेक्रेटरी प्रफुल्ल म्हात्रे यांनी तोडगा काढला. संकुल ज्या भातखाचरांवर उभे होते ती म्हात्र्यांच्या आजोबांची, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

“सामंतबाईंकडे ती नंदा येते ना कामाला, तिला घ्या,” ते म्हणाले. “मेकअप पण लागणार नाही.”

नंदा कळव्याहून यायची. आठ वर्षे ती सामंतांकडे आणि आणखी तीन घरी भांडी घासत होती. नाटकाचे विचारल्यावर तिला हसू आले, मग भीती वाटली आणि मग ती हो म्हणाली. शाळेत असताना गॅदरिंगमध्ये तिला झाड केले होते. यावेळी बोलायला होते.

पहिल्या तालमीला उत्तराबाई तिला पास म्हणजे काय ते समजावू लागल्या. नंदाने गळ्यातला, संकुलाने दिलेला, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला पास पुढे केला.

“असा असतो का?”

“साधारण असाच. पण त्यांचा फार जाचक होता गं.”

“म्हणजे कसा?”

“वस्तीत किती वाजता यायचं, किती वाजता निघायचं, तेसुद्धा त्यावर लिहिलेलं असायचं.”

नंदाने आपला पास उलटा केला. मागे छापले होते, ‘प्रवेश सकाळी सात ते दुपारी चार.’

उत्तराबाईंनी चष्मा लावून ते वाचले. “तू डायलॉगवर लक्ष दे,” त्या म्हणाल्या.

तालीम मात्र साडेचारला असायची. कमिटीने यावर ठराव केला की चारनंतर नंदा ही घरकामगार नसून कलाकार समजण्यात यावी. त्याप्रमाणे ती चार वाजता कामवाली म्हणून गेटबाहेर जायची, उलटी फिरायची आणि कलाकार म्हणून आत यायची. कलाकाराला क्लबहाउसच्या सोफ्यावर बसता येत असे. पहिले काही दिवस ती कडेलाच टेकायची. नंतर नीट बसू लागली.

प्रयोग रंगला. शेवटच्या प्रवेशात तिने पुठ्ठ्याचा खोटा पास पेटवायला घेतला. पावसाळी हवेने तो सादळला होता. एक काडी विझली, दुसरी विझली. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. विंगेतून उत्तराबाई “पुढे हो, पुढे हो” अशा खुणा करत होत्या. नंदाने गळ्यातला खरा पास ओढून काढला आणि तिसऱ्या काडीवर धरला. प्लॅस्टिक आक्रसले, तिचा फोटो वाकडा होत गेला, वास सुटला.

“मी इथलीच आहे,” ती म्हणाली. “मला विचारणारे तुम्ही कोण?”

हे वाक्य ती बरेच दिवस पाठ करत होती, पण त्या क्षणी आपण पाठ केलेले बोलतोय असे तिला वाटले नाही. सभागृह उठून उभे राहिले. सामंतबाई गाऊनमध्येच रडल्या. मागे भिंतीला टेकलेला वॉचमन धोंडीबा सर्वात शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता. पहिले बक्षीस ‘लॉर्डशिप’ला मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदा गेटवर आली.

“पास दाखव,” धोंडीबा म्हणाला.

“काल जाळला ना मी. तुम्ही टाळ्या वाजवलेल्या.”

“तेव्हा मी ड्युटीवर नव्हतो.”

म्हात्र्यांना बोलावण्यात आले. ते अर्ज घेऊनच आले. नव्या पाससाठी जुना पास जमा करायचा होता, पोलिसांकडून चौकशीचा दाखला आणायचा होता आणि पास नसण्याचे कारण सांगायचे होते. कारणे तीन दिली होती, हरवला, फाटला, भिजला.

“हरवला लिहा,” नंदा म्हणाली.

“असं खोटं कसं लिहायचं? अख्ख्या सोसायटीने बघितलंय.”

इतक्यात सोळाव्या मजल्यावरून फोन आला. “तिला सोडा हो वर,” सामंतबाई म्हणाल्या, “कालपासून सिंक भरलंय.”

“मॅडम, पासचा नियम तुमच्याच सूचनेवरून केलेला. मीटिंगच्या मिनिट्समध्ये आहे,” म्हात्रे म्हणाले.

नंदा गेटच्या कट्ट्यावर बसली. चार घरांची कामे गेली तर कळव्याच्या खोलीत पोरांपुढे काय ठेवायचे, हा विचार तिला आता पहिल्यांदा आला. पण ती उठली नाही. कामाला येणाऱ्या बाकीच्या बायका थांबून काय झाले ते विचारू लागल्या. बी विंगला लादी पुसणाऱ्या लक्ष्मीने सगळे ऐकून घेतले, आपला पास गळ्यातून काढला आणि धोंडीबाकडे काडेपेटी मागितली.

कमिटीची तातडीची बैठक बसली. उत्तराबाईंना तज्ज्ञ म्हणून बोलावले.

“तिकडे पास जाळल्यावर पुढे काय झालेलं?” म्हात्र्यांनी विचारले.

“पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली.”

“आपल्याला ते परवडणार नाही. त्याच्यानंतर?”

“तीसेक वर्षांनी गोऱ्यांचं राज्य गेलं.”

म्हात्र्यांचा चेहरा सैल झाला. “मग वेळ आहे. माझी टर्म मार्चला संपते.”

पण सिंक तीस वर्षे थांबणार नव्हते. दुपारपर्यंत कमिटीने ऐतिहासिक निर्णय घेतला. पासपद्धत रद्द. त्याऐवजी गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र बसेल. तोवर धोंडीबाने बायकांना ओळख असल्यास सोडावे. यंत्र आले त्या दिवशी सर्व रहिवाशांना ढोकळा वाटण्यात आला आणि उत्तराबाईंनी मुक्तीवर चार शब्द सांगितले.

यंत्रात नोंद रहिवाशांनी मोबाइलवरून करायची होती. नाव आणि आडनाव, दोन्ही रकाने सक्तीचे. सामंतबाई दुसऱ्या रकान्यापाशी अडल्या, त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि सुचेल ते भरून टाकले.

सकाळी नंदा यंत्रापुढे उभी राहिली. हिरवा दिवा लागला आणि साऱ्या गेटला ऐकू जाईल असा गोड आवाज आला, “सुप्रभात, नंदा भांडी.” तिच्यामागे लक्ष्मी होती. “सुप्रभात, लक्ष्मी लादी.”

धोंडीबा हसला नाही. त्याने खाली बघितले.

नंदा सोळाव्या मजल्यावर गेली. सामंतबाई चहा घेत होत्या.

“ताई, ते मशीन मला नंदा भांडी म्हणतं.”

“अगं, तो रकाना रिकामा सोडताच येईना. बदलते हां. सांग, काय तुझं आडनाव?”

नंदाने पदर खोचला आणि नळ सोडला. “आठ वर्षं झाली, ताई,” ती म्हणाली. “आठवलं की बदला.”

अजून बदललेले नाही. वाचकहो, इथवर येताना तुम्हाला म्हात्रे, खरे आणि सामंत ही आडनावे सांगितली. नंदाचे आडनाव काय, असे तुम्हाला एकदाही विचारावेसे वाटले नसेल, तर तुम्ही आमच्यासारखेच सुसंस्कृत आहात. ‘लॉर्डशिप’च्या बी विंगमध्ये एक फ्लॅट रिकामा आहे. जरूर कळवा.