म्हात्रे सरांचे बिंदू

म्हात्रे सरांना रस्ता विचारू नये. पालघर स्टेशनबाहेर एकाने त्यांना विचारलं, "केळवे जवळ आहे का हो?" सर थांबले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "जवळ म्हणजे काय, ते आधी ठरवा. एसटीने? पायी? की तिथे तुमचं कोणी आहे म्हणून?" त्या माणसाची एसटी गेली. सरांच्या मते तो एक चांगला प्रश्न घेऊन परतला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आमच्या कॉलेजची हेडक्लार्क होते आणि सर गणित शिकवत. एकटे होते. बोईसरजवळ सरावलीला कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत राहत. बाजूच्या खोलीतला कामगार त्यांना विचारी, "मास्टरजी, आप भी नाइट शिफ्ट में हैं क्या?" कारण दिवा पहाटेपर्यंत जळत असे. सर प्रामाणिकपणे सांगत, "हां, लेकिन माल अभी निकला नहीं."

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "आधी सुटं करा". स्टाफ मीटिंगमध्ये भांडण पेटलं की सर उठत, "सुटं करा. पंख्याची तक्रार वेगळी, पोर्शनची वेगळी, मानापमानाची वेगळी." सुटं केल्यावर बहुधा तिसरीच तेवढी उरे. बाजारात केळवे-माहीमची एक कोळीण बसायची. तिच्या टोपलीतलेही बोंबील एकीकडे, मांदेली दुसरीकडे असं सर लावू लागत. ती ओरडायची, "अवो मास्तर, म्हावरं मेलेलं हाय! त्याला आता कुनाशेजारी बसवताव? घ्यायचं हाय का नाय?"

सरांचं संशोधन मी टाइप करायचे. मशीनवर त्यांची चिन्हं नव्हती, म्हणून मी मोकळ्या जागा सोडायचे आणि सर काळ्या शाईने त्या भरायचे. काही पानांत माझ्या वाट्याला फक्त "लेट" आणि "देअरफोर" येत. एकदा वैतागून विचारलं, "सर, हे आहे तरी काय?"

"सोपं आहे, राऊतबाई," ते म्हणाले. "क्रमनिरपेक्ष वलयावरचं एक मॉड्यूल घ्यायचं. त्याचे पायरीपायरीने सुटे तुकडे पडतात. त्या पायऱ्या सांभाळणारे त्याचे काही खास भाग असतात, ते माझे बिंदू. आता बिंदू नुसते सांडलेत. कोण कोणाजवळ, ते ठरवायचं. त्यासाठी कुंपणं घालायची. पण अट अशी, की दोन कुंपणांतले बिंदू एकत्र धरले तरी एकाच कुंपणात नेमके तेवढेच बसले पाहिजेत. वलयांत हे आपोआप होतं. मॉड्यूल ऐकत नाही. ते कधी ऐकतं, हे मी शोधलंय."

शोधायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. तालुक्यात सोडाच, आसपासच्या चार जिल्ह्यांत या विषयाचं कोणी नव्हतं. म्हणून शोधनिबंध स्वीकारल्याचं परदेशी नियतकालिकाचं पत्र आलं, तेव्हा प्राचार्यांनी पेढे मागवले. सरांचा हा पहिलाच निबंध. बढतीची शिफारसही मी त्याच दिवशी टाइप करायला घेतली.

चौथ्या दिवशी सर ऑफिसात आले. दाढी वाढलेली. "बाई, एक पत्र टाइप करायचंय. निबंध मागे घेतोय."

माझ्या मशीनमध्ये त्यांच्या शिफारशीचाच कागद होता.

"नवव्या पानावर चूक आहे. एका पायरीवर एकच तुकडा असेल, असं मी धरून चाललो. दोन आले तर दोन कुंपणं एकत्र करताना तिसराच बिंदू आत शिरतो."

"पण त्यांनी तपासला ना? त्यांना दिसली नाही चूक."

"मला दिसली."

"सर, असले निबंध वाचतात किती जण?"

"पाच. फार तर सहा."

"मग?"

सर खुर्चीत बसले. "त्यांतला एखादा आपल्यासारख्याच गावात असेल. छापलंय म्हणजे खरं, असं समजून तो यावर पुढचं बांधेल. अडेल. त्याला वाटेल, आपल्यालाच येत नाही. मी अशाच एका छापील ओळीवर तीन वर्षं घालवली, बाई. ती खोटी होती. शेजारी विचारायला कोणी असतं तर आठवड्यात कळलं असतं."

मी पत्र टाइप केलं. तीन ओळींचं होतं. सरांनी सही केली. शिफारशीचा कागद मी मशीनमधून आधीच काढून ठेवला होता. शिफारस का थांबली हे प्राचार्यांना कसं सांगायचं, तेही ठरवलं होतं. काम संपलं होतं, तरी सर उठेनात.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "चूक कुठे आहे ते दाखवा बघू."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग लिहू लागले. चार ओळींपर्यंत मी मान डोलावली. पाचवीला म्हटलं, "थांबा सर. हे कुठून आलं?"

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. अकरा वर्षांत त्यांना मध्ये थांबवणारं कोणी भेटलं नव्हतं.

"चांगलं विचारलंत," ते म्हणाले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.