अण्णांच्या भेटीची नियमावली

मुलांनो, क्षणभर कल्पना करा, की तुमचे आजोबा ही एक कचेरी आहे. (आजोबांना हे सांगू नका.) कचेरी म्हटली की ठरलेली वेळ आली, रांग आली, आणि आपल्या आधी आत गेलेला माणूस फार वेळ बसतो ही तक्रारही आली. वडिलांवरचं प्रेम मोजता येत नाही असं म्हणणाऱ्यांकडे बहुधा चांगलं घड्याळ नसतं.

आपल्या गोष्टीतल्या मुलीच्या घराण्यात घड्याळं चांगली होती. तिचे आजोबा, म्हणजे अण्णा, जन्मभर शिंपीकाम करून आता मोठ्या काकांकडे आतल्या खोलीत राहत. त्यांना कोणी किती भेटायचं यावरून मोठे काका, आत्या आणि मुलीचे बाबा इतके भांडले, की शेवटी तिघांनी शहाण्यासारखी नियमावलीच केली. प्रत्येकाला दर रविवारी चाळीस मिनिटं. पाय चेपणं भेटीत धरावं, डोळ्यांत औषध घालणं धरू नये. नातवंडं आपापल्या आईबापांच्या वेळेत मोडतील. वाद निघाल्यास घड्याळ थांबेल, आणि तो मिटेपर्यंत तिघांपैकी कोणीही आत जाणार नाही. (अण्णांचं मत घ्यायचं राहिलं. त्या दिवशी वाद चालू असल्यामुळे आत जाता येत नव्हतं.)

नियमावली उत्तम चालली. गेल्या महिन्यात बारा भेटी ठरल्या आणि एकोणीस वाद झाले. यावरून अण्णांवर मुलांचा किती जीव होता ते दिसतंच.

मुलीची अडचण मात्र कुठल्या कलमात बसेना. अण्णा तिला शर्टाची काजं करायला शिकवत होते. सहापैकी तीन झाली होती, आणि अण्णांची नजर दर आठवड्याला आणखी मंदावत होती. तिची चाळीस मिनिटं बाबांच्यात मोडत, आणि त्यातली निम्मी बाबा घड्याळ बघण्यात घालवत.

त्या रविवारी चौथं काज अर्ध्यावर आलं आणि बाबा म्हणाले, "चल, ऊठ. वेळ झाली."

हॉलमध्ये आत्या पर्स मांडीवर घेऊन तयारच होती. "दादा, मागच्या वेळी अण्णा माझ्यातली अकरा मिनिटं झोपले होते. मला भरून पाहिजेत."

"झोपले तरी वडीलच असतात ते," मोठे काका म्हणाले.

"तुझ्या वेळेत बरे जागे राहतात?"

"मी त्यांना शेजारणीच्या सुनेच्या गोष्टी सांगत नाही."

घड्याळ थांबलं. मुलीने भिंतीवरची नियमावली पुन्हा वाचली. तिघांपैकी कोणीही. तिने तिघं मोजले आणि आत गेली.

"आलीस?" अण्णा म्हणाले. "दोरा फार ओढू नकोस, कापड चुरगळतं."

चौथं काज पुरं झालं. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं. "हे जमलं हो तुला." पाचवं सुरू झालं आणि बाहेर आवाज खाली आले. आत्या पाच मिनिटांवर राजी होत होती. समेट अगदी दाराशी आला होता.

मुलगी सुई हातात घेऊन हॉलमध्ये आली. "मोठे काका," तिने गरीब चेहऱ्याने विचारलं, "मघाशी तुम्ही अण्णांना पाणी द्यायला गेलात, ते कोणाच्या वेळेत धरलं?"

उठू लागलेली आत्या परत बसली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

आता खरं सांगा, पाणी कोणाच्या वेळेत धरावं याचा विचार तुम्हीही करू लागलात ना? अण्णांची तब्येत कशी आहे, हे मात्र अजून विचारलं नाहीत. तेव्हा तिने तुम्हालाही हॉलमध्येच बसू दिलं, आत गेली आणि दाराला कडी लावली.