गुरुजींचे डोहाळे

तेगुहच्या पत्राला विर्योनो गुरुजींनी उत्तर पाठवलंच नव्हतं. पोरगा कामाला दूर कालिमांतान बेटावर; तिथल्या मळ्यावर फोन लागत नाही, म्हणून त्याने लिहिलं होतं : "बाबा, लस्मिनीला रोज फिरायला न्या. तिचं वजन कसं आहे, कळवा." आता काय कळवणार? वजन भलतंच वाढलं होतं, आणि वाढलं होतं ते फिरण्यामुळेच!

नर्सबाईंनी बजावलं होतं, "दोन जिवांची आहेस म्हणून दोघांचं जेवायचं नसतं. भाजी, सोयाबीनचं तेम्पे खा, गोड कमी कर, रोज चाल." म्हणून गुरुजी सुनेला घेऊन रोज सकाळी बाजारापर्यंत जात. पण गल्ली पडली जावामधली. पोटुशीची नजर पदार्थावर पडली आणि तो तिला मिळाला नाही, तर बाळाची लाळ गळत राहते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या लाळेचा ठपका येणार न देणाऱ्यावर!

"पाहिलंस ना गं तळलेल्या केळ्यांकडे?" कढईमागून तुमिनीमावशी ओरडे.

"नाही हो मावशी, मांजराकडे पाहिलं."

"मांजर केळ्यांपाशीच बसलंय. घे!"

पुढे गूळ भरलेले तांदळाचे गोळे, क्लेपोन, त्यापुढे नारळाच्या दुधातला भात. 'नको' म्हणायची गुरुजींची छाती नव्हती. सगळं आयुष्य पुस्तकांत गेलेलं. त्यांनी छत्री आडवी धरून पाहिली, तर बायका वाकून छत्रीखालून ताटल्या सरकवू लागल्या.

तपासणीला नर्सबाई कडाडल्या, "असंच चाललं तर बाळंतपण इथे नाही हं. शहरातल्या इस्पितळात!"

लस्मिनीचे डोळे भरले. "बाबा, तिथे माझं कोण आहे हो?"

दुसऱ्या दिवशी मावशीने केळी पुढे केली आणि गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, "तिला नको... डोहाळे मला लागलेत."

मावशीचा झारा हवेतच थांबला. मग ती खो खो हसली. "अगं बाई! नवऱ्याला लागायचे डोहाळे, तो परगावी म्हणून आजोबांवर उतरले! घ्या गुरुजी, नातवाची लाळ गळायला नको."

गुरुजींनी खाल्लं. रोज खाल्लं. लस्मिनी मोकळ्या हाताने चालू लागली.

पुढच्या तपासणीला काटा पाहून नर्सबाई खूश झाल्या. "हवं तेवढंच वाढलंय. रक्तदाबही छान. बाळंतपण इथेच करू."

गुरुजींनी सुटकेचा असा श्वास सोडला, की शर्टाचं बटण तुटून टेबलावर जाऊन पडलं. नर्सबाईंनी बटणाकडे पाहिलं, मग त्यांच्या पोटाकडे.

"गुरुजी, जरा काट्यावर उभे राहा बघू."

घरी येऊन त्यांनी उत्तर लिहिलं : "लस्मिनी आणि बाळ ठणठणीत. भाजी, तेम्पे आणि चालणं नेमाने सुरू आहे. आम्हा दोघांचंही."

टपालपेटी गल्लीच्या पार त्या टोकाला. लस्मिनीने सासऱ्यांचा हात धरला आणि छत्री आडवी केली.

"मान खाली, बाबा. मांजराकडेसुद्धा बघायचं नाही."

पत्र पेटीत पडलं. कोणाची ताटली हातात आली नव्हती. लाळ मात्र आता गुरुजींचीच गळत होती.