कच्च्या पोरांचा वनवर्ग

आत्मविश्वास ही वस्तू चार भिंतींच्या आत उगवत नाही, तिला मोकळी हवा आणि झाडांची सावली लागते, हे शिक्षणशास्त्राने सिद्ध केलेले आहे. (सिद्ध करणारे विद्वान चार भिंतींच्या आतच बसले होते, पण त्यांच्याजवळ आत्मविश्वास आधीपासूनच होता.) हे सत्य एकोणीसशे पासष्ट साली बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेपर्यंत पोचले आणि तिथे वनवर्ग निघाला. अभ्यासात कच्च्या मुलांना रोज दुपारी रानात धाडायचे. त्यांची भीड मोडली की गणित आपोआप येईल, असा हिशेब होता.

कच्चे कोण, हे ठरवायला सावे मास्तरांना फार डोके खाजवावे लागले नाही. फळ्यापाशी उभा राहिला की जो अंगठ्याने जमीन उकरतो तो कच्चा. 'आहे'ला 'हाय' म्हणतो तो कच्चा. ज्याची पाटी फुटकी तो तर हमखास. अशी अकरा निघाली. अकराही डोंगरावरची, रोज सकाळी तासभर रान तुडवून शाळा गाठणारी. लाकडाच्या ठेकेदाराचा मुलगा तीन विषयांत नापास होता खरा, पण तो मास्तरांच्या खुर्चीत बसून मास्तरांचाच पानाचा डबा उघडी. आत्मविश्वासाची त्याला ददात नव्हती, म्हणून त्याला मास्तर संध्याकाळी घरी बोलावून नुसते गणित शिकवत.

बुधाची नवसी त्या अकरांत होती. इयत्ता सातवी. बुधाला देवाकडे एकच मागायचे होते: पोरगी सातवी पास होऊ दे, मास्तरीण होऊ दे. त्याची बायको चिमी कळायला लागल्यापासून जळणाच्या मोळ्या वाहून बोईसरला विकत आली होती आणि आता तिची मान डावीकडे वळत नव्हती. "माझ्या पोरीच्या डोक्यावर मोळी नाय," असे बुधा चारचौघांत छाती ठोकून सांगे.

वनवर्गाच्या पहिल्या दिवशी मास्तर मुलांना म्हणाले, "रानात काय मिळवलंत, ते येऊन मला दाखवा." त्यांच्या मनात निरीक्षण, धैर्य, निसर्गप्रेम असे काहीतरी होते. पण डोंगरातले माणूस रानातून रिकाम्या डोक्याने परतत नाही, तशी तिकडे रीतच नाही. मुलांनी अकरा मोळ्या आणून मास्तरांच्या ओट्यावर टाकल्या. मास्तर गोंधळले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी उषाताई बाहेर आल्या, एक काटकी मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "अगो बाई, काय सुकी आहेत!" शिक्षणशास्त्राला इतका झटपट पुरावा क्वचित मिळतो.

तिथून वनवर्गाने मागे वळून पाहिले नाही. आत्मविश्वास मोजायला माप नसते, मोळीला असते. दिवाळीत जी मोळी वीतभर जाड होती ती संक्रांतीला कवेत मावेना. म्हणजे मुलांची प्रगती कितीपट झाली ते कोणीही मोजून घ्यावे. (मुलांना ते मोजता आले नसते, त्यांचे गणित अजून यायचे होते.) वरचे साहेब तपासणीला आले, त्या जळणावर शिजलेली कोंबडी जेवले आणि तृप्त ढेकर देऊन म्हणाले, "मुलांत फरक चांगलाच जाणवतो." मुले त्या वेळी रानात होती.

बुधाला मात्र वेगळाच फरक जाणवला. पोरीच्या बोटांवर शाई नव्हती, ओरखडे होते.

"आज काय शिकलीस गो?"

"रान."

"आन् गणित?"

"ते मागून. आधी आत्मविश्वास यायचा हाय."

दुसऱ्या दिवशी बुधा शाळेच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. मास्तरांनी त्याला मोठ्या मायेने समजावले, "अरे बुधा, पोरं घाबरट आहेत. रानात त्यांची भीती जाते."

"रानाला कोन घाबरतंय, मास्तर?" बुधाने आत फळ्याकडे बोट केले. "पोर घाबरते ती तुमच्या त्या फळ्याला. तितंच उभी करा तिला. रानात धाडायची तर मीच धाडली असती, तिला आय हाय रानात न्यायला!"

मास्तरांचा चेहरा उजळला. बुधा आजवर शाळेत चकार शब्द बोलला नव्हता. वनवर्गामुळे पालकांचाही आत्मविश्वास वाढतो, हे त्यांनी साहेबांना आवर्जून कळवले आणि सकाळचाही एक तास रानाला दिला.

सातवीच्या परीक्षेला नवसी पालघरला गेली. गणिताचा पेपर कोरा देऊन ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली, अजिबात न डगमगता. ती नापास झाली. ठेकेदाराचा मुलगा पास झाला. बुधा दोन दिवस जेवला नाही. आता नवसी आईच्या मागोमाग मोळी घेऊन बोईसरला जाते आणि तिची मोळी बाजारात सर्वांत मोठी असते. घेतलेले शिक्षण इतके उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही.

वनवर्ग पुढच्या वर्षीही आहे आणि तो सर्वांना खुला आहे. झाडांच्या सावलीत मुले कशी फुलतात, हे तुम्हालाही पटले आहे. योजनेचे नाव ऐकताच तुमची मान डोलली, ती आम्ही पाहिली. तुमचा धाकटा गणितात जरा कच्चाच आहे ना? मग घालू त्याचे नाव?

काय म्हणता, त्याला शिकवणी लावलीय?