बंडगर आर्मरर आणि दीडशे ग्रॅम

बंडगर नाना साताऱ्याला आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी बेल वाजवली आणि मी कडी काढेपर्यंत बंद दाराला सांगून टाकलं, "साडेचारशे ग्रॅम."

दार उघडलं तर ते अजून बेलच्या बटणाकडेच बघत उभे. डोक्यावर टोपी, पांढरा सदरा आणि खिशात पेनाच्या जागी एक बारीकसा स्प्रिंगचा वजनकाटा.

"आवं ताई, ही बेल साडेचारशे ग्रॅमला वाजती. आन् वाजायच्या आदी रखडती. क्रीप हाय हिच्यात."

आमच्या ह्यांनी चेष्टेनं विचारलं, "कशावरून साडेचारशे?" नानांनी काटा काढला, बटणावर टेकवला आणि हळूहळू दाबला. बेल वाजली. काट्यावर चारशे चाळीस.

"बोट म्हातारं झालं," नाना म्हणाले, आणि चहा येईपर्यंत काटा पुसत बसले.

बंडगर नाना मूळचे जतकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. नाना मेंढरांमागे न जाता फौजेत गेले आणि तिथे आर्मरर झाले, म्हणजे पलटणीच्या रायफली दुरुस्त करणारा माणूस. पेन्शनीत आल्यावर त्यांनी सांगलीत रीतसर परवाना काढून दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. दुकान पुढे, घर मागे. आता वय सत्तर. शेतराखणीच्या जुन्या बंदुका आणि नेमबाजीच्या क्लबांच्या रायफली त्यांच्याकडे येतात. त्यांना इतर कुठलाही छंद नाही, आणि त्याची गरज पडेल असं त्यांना कधी वाटलेलं नाही.

नानांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूला ट्रिगर असतो आणि तो बसवणाऱ्याने कामचुकारपणा केलेला असतो. नळ, कुलूप, एटीएमचं बटण, न्हाव्याची पाण्याच्या फवाऱ्याची बाटली. माणसंही यातून सुटत नाहीत. काही माणसं सिंगल स्टेज. बोट लावलं की सुटली. काही टू स्टेज. आधी थोडी मागे येतात, मग एका जागी थांबतात, आणि त्यापुढे दाबलं तरच सुटतात. "टू स्टेज मान्साशी संसार करावा," असं नाना म्हणतात. "तुमी कोण?" असं मी एकदा विचारलं. आतून त्यांच्या बायकोचा, सोनाकाकूंचा आवाज आला, "त्यास्नी सेफ्टी लावल्याली हाय. सुटतच न्हाईत."

याच काकूंचा गॅसचा लायटर नानांनी एकदा दुरुस्त केला होता. लायटर दाबायला सव्वा किलोचा होता आणि काकूंचा अंगठा दुखायचा. नानांनी तो चार दिवस खोलून ठेवला, स्प्रिंग बदलली, आतलं घासलं आणि शंभर ग्रॅमवर आणला. त्यानंतर लायटर ओट्यावर ठेवला तरी वाजायचा. मांजर जवळून गेलं तरी वाजायचा. काकूंनी आठवडाभर सोसलं आणि मग काडेपेटी आणली. लायटर अजून दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. नाना गिऱ्हाइकांना तो दाखवतात. "हलकं म्हंजे चांगलं न्हवं," असं सांगायला.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल धरली होती, ती सुटली ती थेट त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हातात आली. आमच्या क्लबकडे एक जुनी पॉइंट टू टूची टार्गेट रायफल आहे. पालथं पडून पन्नास मीटरवर मारायचं. मला ते जमतं. ऑफिसात दिवसभर हलायचं नसतं, तीच सवय उपयोगी पडते. पण या रायफलीचा ट्रिगर दोन किलोचा होता. ओढावा तर बैलगाडी चढावर न्यावी तसा यायचा, आणि नेमका सुटायच्या क्षणी माझा नेम हललेला असायचा. दोन वर्षं मी राज्याच्या निवड यादीतून एकेका गुणाने बाहेर राहिले. शेवटी क्लबने परदेशातून नवीन ट्रिगर मागवला आणि सेक्रेटरी मला म्हणाले, "सांगलीच्या बंडगरांकडे जा. पण ते बोलतील ते ऐकून घ्या."

कागदपत्रांसह रायफल घेऊन आम्ही गेलो. नानांनी ट्रिगरच्या खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामी असल्याची खात्री करून रायफल माझ्या हातात दिली, मला चटईवर पालथं पाडलं आणि नळीवर एक शेंगदाणा ठेवला.

"मारा."

मी ट्रिगर दाबला. शेंगदाणा पडला.

"आनी एकदा."

पुन्हा पडला. असे अकरा शेंगदाणे पडले. काकू दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, चटणीला ठिवा जरा."

"ताई," नाना म्हणाले, "ट्रिगर मागनं बदलू. आदी बोट बदला. म्हैनाभर रोज शंभर येळा. शेंगदाना पडला न्हाई की फोन करा."

क्लबच्या परवानगीने रायफल घरी ठेवून महिनाभर मी तेच केलं. रोज सकाळी बैठकीत पालथी, नळीवर शेंगदाणा. ह्यांनी दूधवाल्याला सांगितलं की बायकोची कंबर धरली आहे. महिना संपला त्या दिवशी शंभरातले चौऱ्याण्णव शेंगदाणे जागेवर राहिले. मी फोन केला. नाना म्हणाले, "सा पडले का? बरं. या."

मग कुठे त्यांनी खोकं उघडलं. नवीन ट्रिगर पांढऱ्या फडक्यावर ठेवला, हात मागे बांधले आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली. सोबतचं माहितीपत्रक कुठल्याशा परक्या भाषेत होतं. नानांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि घडी घालून ठेवलं. "मानूस शाना हाय," असा त्या कारखान्याविषयी अभिप्राय दिला.

बसवायला एक सकाळ लागली. जमवायला तीन आठवडे. मी सांगलीला तीन खेपा केल्या. प्रत्येक वेळी नाना माझ्या बोटाच्या पेराशेजारी बसायचे, एक बारीक स्क्रू केसभर फिरवायचे आणि विचारायचे, "आता?" मी म्हणायचे, "बरा वाटतोय." ते म्हणायचे, "बरा नको. कळलाच न्हाई पायजे."

आमचं भांडण झालं ते वजनावरून. एका नावाजलेल्या नेमबाज मुलीचा ट्रिगर पन्नास ग्रॅमचा आहे असं मी ऐकलं होतं. मला तसाच हवा होता.

"दीडशे," नाना म्हणाले.

"अहो, पण तिचा पन्नास आहे."

"तिचं बोट तिचं हाय. मनात आलं आन् सुटलं, आसं नको. मनात आलं, ठरवलं, मग सुटलं पायजे. दीडशेच्या खाली मी जानार न्हाई. तुमी दुसरा आर्मरर बगा."

मी दुसरा आर्मरर बघितला नाही. नानांनी रिकामी रायफल ताणली, सगळ्या बाजूंनी रबरी हातोडीने ठोकली, दस्ता जमिनीवर आपटून पाहिला. ट्रिगर जागचा हलला नाही. मग त्यांनी रायफल पुसली आणि माझ्याकडे देताना क्षणभर सोडलीच नाही. मला वाटलं, काही विसरलं असेल. काही विसरलं नव्हतं.

सांगलीच्या रेंजवर आसपासच्या जिल्ह्यांची स्पर्धा होती. तिच्यातूनच यादी लागायची. नाना आले होते, डब्यासकट काकूही आल्या होत्या. मी मारायला पडले. साठ गोळ्या. पहिल्या दहांतच मला कळलं की मधला तो चढ गेला आहे. बोट एका जागी टेकतं, थांबतं, आणि मी ठरवलं की जातं. शेवटची गोळी मारून मी उठले तेव्हा पाय मुंग्यांनी भरले होते. यादीत माझं नाव चौथं लागलं. पाच जण घेणार होते.

मी धावत मागे आले. नाना म्हणाले, "सत्ताविसावी वडली तुमी."

खरोखरच सत्ताविसावी माझी दहाऐवजी आठात गेली होती. मी पेढे आणले होते ते त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते काकूंना दिले आणि रायफल मऊ फडक्याने पुसायला घेतली.

तेवढ्यात स्पर्धेचे पंच आले. ज्येष्ठांच्या गटात तीनच नावं होती आणि चार असल्याशिवाय गट घेता येत नव्हता. रहिमतपूरचे एक निवृत्त हेडमास्तर, लोणंदहून पहाटेच्या गाडीने आलेले एक धान्याचे व्यापारी आणि सांगलीचेच एक दंतवैद्य, तिघेही जाडजूड जॅकेट घालून उन्हात उभे होते. व्यापाऱ्यांनी तर नवा चष्मा केला होता.

"नाना, तुमचं नाव घालू का? नुसतं पडा, दहा गोळ्या मारा. एवढी माणसं लांबून आलीत."

"आर्मरर मारत नसतो," नाना म्हणाले.

"अहो, पण..."

"आमचं काम रायफलीचं. मारनारे येगळे."

पंच जायला वळले. काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि अगदी सावकाश बोलल्या. नवऱ्याशी नव्हे, माझ्याशी.

"ह्यांचं नाव लागलं हुतं ताई पलटनीच्या नेमबाजीच्या टीममंदी. लगीन झाल्या सालची गोष्ट. मला पत्रात लिवलं हुतं, गावाला समद्यांस्नी वाचून दावलं मी. मग सायेब म्हनलं, तू मारायला गेलास तर आमच्या रायफली कोन बघनार? ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. सुट्टीवर आलं की सांगायचं, त्याचा ट्रिगर आसा, ह्याचा ट्रिगर तसा. पंचेचाळीस वर्सं मी दुसऱ्याचंच ऐकलंय."

नाना फडकं घेऊन उभे राहिले. मग ते त्यांनी नीट चार घड्या घालून खिशात ठेवलं.

"आवं, जावा की," काकू म्हणाल्या. "मला तरी कळू द्या."

मी क्लबची रायफल आणि माझं जॅकेट दिलं, पण जॅकेट त्यांना पोटावर बसेना. हेडमास्तरांनी आपलं जुनं दिलं. तिसऱ्या चटईवर पडायला नानांना वेळ लागला. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग हात. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा कुठे यायला हवा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण त्यांनी मला बांधू दिला.

चौघांनी दहा-दहा गोळ्या मारल्या. नानांची पहिली गोळी टार्गेटच्या काळ्या भागाच्या बाहेर गेली. दुसरी सहा. मग सात, सात, आठ. शेवटच्या दोन नऊ. व्यापारी पहिले आले, दंतवैद्य दुसरे, हेडमास्तर तिसरे. पंचांनी बोल्ट उघडे करून घेतले, रायफली तपासल्या आणि लाइन मोकळी झाल्याचं सांगितलं. तिघं उठले, एकमेकांच्या पाठी थोपटत मागे आले. नाना उठले नाहीत.

मला वाटलं, कंबर धरली. मी आणि काकू लगबगीने गेलो. नाना हनुवटीखाली हात घेऊन पडले होते आणि समोर बघत होते.

"उठवू का नाना?"

"थांबा वाईच." त्यांनी मान वळवली नाही. "फौजेत वर्साच्या परीक्षेला मारलीया मी गोळी. पळत जायाचं, पडायचं, मारायचं, उठायचं. मागं दुसरी रांग हुबी. आसं निवांत कवा बघाय मिळालं न्हाई, हितनं कसं दिसतंय ते."

काकूंनी पदर खोचला, चटईच्या कडेला बसल्या, मग एक हात टेकून जवळजवळ नानांच्या खांद्याइतक्या खाली वाकल्या. पलीकडे मातीचा बांध, त्याच्यापुढे चार पांढरे कागद, वर ऊन.

"काय दिसतंय तुमास्नी?" त्यांनी विचारलं.

"तो तिसरा," नाना म्हणाले. "तो माझा."