फिल्टर मीच बदलला!

स्वतःच्या गाडीचं काम माणसानं स्वतःच करावं, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतो, कारण ते मत मी आरमोरीच्या पुढच्या जंगलात टाकून आलो आहे!

मी जाहिद. ब्रह्मपुरीत माझं बिछायत केंद्र आहे. लग्नाला लागणारा मंडप, खुर्च्या, ताटं, कढया आणि गंज, म्हणजे भाताची मोठाली पातेली, मी भाड्यानं देतो आणि माझ्या म्हाताऱ्या डिझेल ट्रकमधून स्वतः पोचवतो. त्या दिवशी मोहटोल्याच्या रामाजीभाऊंच्या मुलीचं, दिव्यानीचं लग्न होतं. पण आदल्या दिवशी ट्रक चढावर धापा टाकायला लागला. डिझेलचा फिल्टर चोंदला होता. हे काम वर्षानुवर्षं जलालुद्दीन उस्ताद करतात. मात्र मी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले होते. चार!

"उस्ताद, आता फिल्टरसाठी तुमच्याकडं येणं बंद," मी मुद्दाम फोन करून सांगितलं.

"अबे, एअर काढता येते काय तुले?"

"त्यात काय आहे!"

त्यात काय आहे, ते सांगतो. फिल्टर बदलताना डिझेलच्या नळीत हवा शिरते. हवा शिरली की डिझेल पुढं सरकत नाही आणि गाडी मुकाट बसते. मग फिल्टरवरचा नट सैल करायचा आणि त्याच्या शेजारचा छोटा हातपंप मारायचा. नटातून आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. ते आलं की नट कसायचा. मी सगळं केलं. फेस आला, डिझेल आलं, माझ्या नव्या शर्टावरही आलं आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू! माझी बायको इकरा दारात उभी होती. विमान तयार केल्यासारखा मी तिच्याकडं पाहत होतो.

सकाळी साडेपाचला निघालो. रस्ता दाखवायला रामाजीभाऊंचा चुलतभाऊ मुखरू सोबत होता. वैनगंगेचा पूल ओलांडला, आरमोरी मागं पडली, दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. मोहटोला तीन किलोमीटर राहिला आणि ट्रक खोकला. दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"काऊन थांबला भाऊ?" मुखरूनं विचारलं.

"काही नाही, थोडी हवा आहे. दोन मिनिटं!"

नट सैल केला, पंप मारला. फेस! मारत राहिलो. फेसच फेस! शेवटी जरा बरं डिझेल दिसलं, नट कसला, सेल्फ मारला. सुरू! मुखरूनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत ट्रकही थांबला. शंभर पावलं चाललो असू.

पुन्हा नट, पुन्हा पंप. यावेळी ऐंशी पावलं. तिसऱ्यांदा तर ट्रक नुसता गुरगुरला, जागचा हललाच नाही.

तेवढ्यात मोटरसायकलवरून वनरक्षक धनराज आले. "इथी थांबू नोका! परवाच वाघ दिसला होता इथी!"

"साहेब, आम्हाला काय हौस आहे का थांबायची? गाडीनं हवा घेतली आहे."

"असं काय? पाहू बरं," म्हणत धनराजसाहेबांनी मोटरसायकल लावली, बाह्या सारल्या आणि पंप मारायला बसले. आमच्या भागात अडलेल्या गाडीजवळून कोणी नुसता निघून जात नाही. वाघ असला तरी!

अखेर मान खाली घालून मी उस्तादांना फोन करायचं ठरवलं. पण रेंज कुठली! ट्रकमध्ये रचलेल्या खुर्च्यांच्या अगदी वर चढलो तेव्हा एक काडी दिसली. वरून मी ओरडणार, खालून ते दोघं करणार. मुखरूच्या हातात नट, साहेबांच्या हातात पंप.

"नट ढिला करो, बोल!" उस्ताद म्हणाले.

"नट सैल करा!" मी ओरडलो.

"केला!"

"आता पंप!"

"मारून राह्यलो!"

"आता नट कसा, घट्ट!" मी वरून सांगितलं. पण पंप जोरात मारायचा राहिला अशा समजुतीनं साहेबांनी जोर लावला आणि मुखरूनं कसण्याच्या उत्साहात नट उलटा फिरवला. नट उडाला, डिझेलचं कारंजं थेट वनखात्याच्या खाकीवर! मी घाईनं खाली वाकलो, खुर्च्या सरकल्या आणि मी बारा खुर्च्यांसकट रस्त्यावर आलो. फोन वर राहिला. त्यातून उस्ताद बराच वेळ काहीतरी बोलत होते. ऐकू आलं नाही तेच बरं.

पावणेआठ वाजले. दहाला वरात येणार होती, अकरा चाळीसचा मुहूर्त होता आणि शे-दोनशे माणसांचा भात शिजवायचे गंज माझ्या ट्रकमध्ये! गावात एवढा मोठा गंज नव्हता. वऱ्हाडी उपाशी बसले तर रामाजीभाऊंनी व्याह्याला तोंड कसं दाखवायचं? आणि हे सगळं कशामुळं, तर माझ्या चार व्हिडिओंमुळं! मला खरंच रडू यायला लागलं.

ट्रकची वाट पाहून रामाजीभाऊच सायकलवर आले. चेहरा उतरलेला. ट्रककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, सायकल वळवली आणि गेले.

पाऊण तासानं गावाकडून धूळ उठली. बघतो तर सगळं गाव येत होतं! पुढं बायका, मागं पुरुष, आणि पुरुषांच्या खांद्यावर मनगटाएवढे जाड बांबू! मी सरळ ट्रकखाली शिरलो. दुरुस्ती करतोय असं दिसावं म्हणून हातात पाना धरला.

"भाऊ, निंग बाहेर," रामाजीभाऊंचा आवाज आला.

"रामाजीभाऊ, चुकलो! मारा, पण डोक्यात नका मारू!"

"कोण मारते तुले? दोर कुठी आहेत ते सांग!"

बांबू गंज वाहायला आणले होते! मोठ्या गंजाच्या कड्यांतून बांबू गेला, दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली आणि गंज निघाला. मागून तीन बैलगाड्या आल्या, त्यांत मंडपाचे खांब. बायकांच्या डोक्यावर ताटांच्या चळती, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन खुर्च्या. धनराजसाहेब मोटरसायकलवर कढई घेऊन गेले. तासाभरात ट्रक रिकामा! कोणी एक शब्द टोचून बोललं नाही. मी हात जोडून सगळ्यांना म्हणत होतो, "लई उपकार झाले." लग्नघरातलं काम सांगावं लागत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

मी एकटा उरलो. पंप मारत बसलो. हात सुजले. गावातून डफाचा आवाज आला, मग भोंग्यावरून मंगलाष्टकं. लग्न लागलं! मी तिथूनच, डिझेलच्या हातानं, दिव्यानीसाठी दुआ मागितली.

थोड्या वेळानं एक बाई चहाची किटली घेऊन आली. दिव्यानीची आत्या, बायनाबाई.

"भाताच्या गंजाचं झाकण इथीच राह्यलं ना! तेच न्याले आली. आन् तू आधी चहा पे. सकाळपासून तुले कोणी पाणी तरी देल्लं काय?"

मी चहा पीत होतो तोवर त्या फिल्टरकडं वाकून बघत राहिल्या.

"हे रबर काऊन बाहेर आलं?"

"ती रिंग आहे. नवीन टाकली."

"मंग आतली?"

"आतली कोणती?"

"दोन दिसून राह्यल्या ना बापा! कुकरले दोन रिंगा लावशीन त शिट्टी होईन काय? वाफ बाजूनं निंगून जाईन ना!"

फिल्टर खोलून पाहिला, तर जुनी रिंग वर चिकटून राहिली होती आणि तिच्यावरच मी नवी बसवली होती! सगळी हवा त्या फटीतून आत जात होती. बायनाबाईंनी केसातला आकडा काढला, जुनी रिंग उचकटून माझ्या हातावर ठेवली. मी फिल्टर बसवला, एअर काढली. फेस आला, गेला, स्वच्छ डिझेल! सेल्फ मारला आणि ट्रक असा गरजला की वाघ असेल तर तोही लांब गेला असेल.

"चला बायनाबाई, बसा!"

हॉर्न वाजवत, दिवे लावून मी मोहटोल्यात शिरलो. आनंदात मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. माझाच मंडप, माझ्याच खुर्च्या, पंगत बसलेली! वाढपी थांबले, नवरदेव उठून उभा राहिला, सगळे वऱ्हाडी माझ्याकडं बघायला लागले. रामाजीभाऊ धावत आले.

"आला काय भाऊ! काय आणलं?"

मी मागं वळून बघितलं. मोकळा ट्रक. बायनाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि झाकण रामाजीभाऊंच्या हातात दिलं. ब्रह्मपुरीहून पहाटे निघालेल्या माझ्या ट्रकनं लग्नघरी पोचवलेला एकूण माल, एक झाकण!

रामाजीभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच नेऊन भाताच्या गंजावर ठेवलं.

"वेळेवर आणलं भाऊ! भात थंडा होऊन राह्यला होता."

मग मला हाताला धरून पंगतीत बसवलं. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून खाली घालूनच जेवलो. भात मात्र तीनदा घेतला. गरम होता!